गणपूर्ती

मंगळवार, संध्याकाळचे सात. बाहेर उणे एकतीस.
ड्युवार नगर परिषदेत सदस्यांच्या पाच खुर्च्या,
सहावी माझी, डुगडुगणारी.
तिच्या पायाखाली गेल्या वर्षीचा अर्थसंकल्प
घडी करून सरकवलाय.
एवढा तरी उपयोगी पडला, असं ओरेस्ट म्हणतो.
ओरेस्ट महापौर. दिवसा धान्याच्या कोठारावर वजनकाटा बघतो.

इतिवृत्त मी लिहिते, एकोणीस वर्षं झाली.
कोण काय बोललं ते लिहायचं नसतं,
काय ठरलं तेवढंच.
म्हणून वही पातळ आहे.

विषय एक: मागच्या सभेचं इतिवृत्त. मंजूर.
विषय दोन: पावलुकबाईंचा कुत्रा. पुन्हा.
विषय तीन: पोलीस.
पोलीस एकच, तोही तीन गावांत वाटलेला,
आमच्या वाट्याला सोमवार आणि अर्धा गुरुवार.
डेल्फीन म्हणाली, मग चोरांनाही तसं कळवून टाकू.
हे मी लिहिलं नाही.

विषय चार: रुळांपलीकडच्या चौरस्त्यावर
‘थांबा’ची पाटी.
तीन वर्षांचं भिजत घोंगडं.
रस्ता प्रांताचा की आपला,
खांब कुणाचा, आणि खांब रोवायचा
ती दगडासारखी गोठलेली जमीन कुणाची.
पुढच्या सभेत पाहू.

विषय पाच: भोंगा.
बंबाच्या शेडवर, पत्र्याला बोल्टांनी आवळलेला.
आता स्वयंसेवकांकडे फोन आहेत, पेजर आहेत,
आणि थेल्मा ऑग्रेनचं घर भोंग्यापासून चाळीस पावलांवर.
ती अर्ज घेऊन आली होती. एक्कावन्न सह्या,
त्यांतल्या दोन तिच्याच वळणाच्या.
म्हणाली, तो वाजला की मी अजून
त्या रात्रीचे बूट शोधते.
कुठल्या रात्रीचे, कुणी विचारलं नाही.
अडीचशे माणसांच्या गावात विचारावं लागत नाही.

भोंगा बंद करावा, या बाजूचे
हात वर करा, ओरेस्ट म्हणाला,
स्वतःचाही केला.
आणि भोंगा झाला.

आधी घोगरा, थंडीनं घसा धरल्यासारखा,
मग चढत चढत, खिडकीच्या काचा थरथरेपर्यंत.
वर होते ते तीन हात.
तेच तीन हात कोटांच्या बाह्यांत शिरले:
ओरेस्ट, डेल्फीन,
आणि मोटेल चालवणारा रोडेल, इलोइलोहून आला तेव्हा
ज्यानं बर्फ फक्त सरबतात पाहिला होता.
दार उघडंच राहिलं.

पाचांत तीन लागतात. उरले दोन,
त्यांतला म्हातारा स्टेनर तर
भोंग्यानंही न उठणारा.

८.१७. गणपूर्तीअभावी सभा तहकूब.

बंबाचं इंजिन तिसऱ्या खेपेला धरलं.
तोवर थेल्मा आणि मी एकमेकींकडे बघत नव्हतो.
मग ती उठली, चाळीस कपांचं कॉफीचं भांडं
नळाखाली धरलं.
म्हटलं, अगं, पाच-सहा जण तर गेलेत.
म्हणाली, येताना किती असतील काय माहीत.

अकराला आले. चौरस्ता. तोच.
दुधाचा टँकर, एक छोटी गाडी, गाडीत सतरा वर्षांची पोर.
रुग्णवाहिका चौऱ्याण्णव किलोमीटरवरून येईपर्यंत
डेल्फीननं तिची मान धरून ठेवली,
मोजे काढून,
कारण मोज्यांतून नाडी लागत नाही.
खांद्याचं हाड मोडलंय. बाकी आहे पोर.
डेल्फीनला कप धरता येईना,
तर थेल्मानं धरला.

कुणी भाषण केलं नाही.
स्टेनर जागा झाला, विचारलं, ठराव पास झाला का?

दुसऱ्या दिवशी ओरेस्टनं
कोठारामागचं तेलाचं पिंप रेतीनं भरलं,
त्यात खांब उभा केला, खांबावर पाटी,
वजनकाट्यापाशी ट्रक थांबवायला होती तीच.
प्रांताला पत्र गेलेलं नाही.
मला म्हणाला, हे लिहू नकोस.

लिहिलं नाही.
थेल्माचा अर्ज फायलीत आहे,
वर कपाचा गोल डाग, एकतिसाव्या सहीवर.
विषय पाच अजून प्रलंबित.